येणे बाकी : एक दोर

हॉलची किल्ली आता माझ्याकडं असते
आणि किल्लीबरोबर नोंदवही,
कोपरे वाळवीनं चाखलेले.
पहिलं पान : रविवार. मुलं अकरा.
जागा, गिरणीच्या मागच्या फाटकाजवळचा लिंब.
सामान, शिट्टी एक, दोर एक, वीस हात.

येलगम मास्तर साचाखात्यात जॉबर.
रात्रपाळी उरकून तसेच यायचे,
भुवयांवर कापसाची भुरभुर,
चड्डी मात्र कडक इस्त्रीची.
मराठीत सुरू झालेला राग तेलुगूत शिरायचा,
आणि इरण्णा हत्तुरे तो मागच्या रांगेला
कन्नडात समजावून द्यायचा,
मूळ रागापेक्षा जरा जास्तच.

एकदा पुण्याहून मोठे साहेब आले.
दोन दोरांची टोकं वर धरून म्हणाले,
ही शीट बेंड. घाई नको, सरावानं येईल.
सगळी रांग हसली.
पोशट्टी सामल पुढं झाला :
साहेब, ही तर सांधणी.
तुटल्या धाग्याला आमची आई
दिवसातून शंभरदा मारती,
तेही माझ्याशी भांडत.
शेऱ्याच्या रकान्यात साहेबांचं वळणदार अक्षर आहे :
'पथकास गाठी येतात.'

हॉल नंतरचा.
गड्ड्याच्या जत्रेत सायकली राखल्या,
शेंगा विकल्या, थोड्या खाल्ल्या
(तूट : सहा आणे, असं लिहिलेलं आहे),
रविवारी खाणीवरून काळा दगड वाहिला.
पत्रे गिरणीनं दिले, जुने, भोकांसकट.
त्यातून दुपारी फरशीवर नाण्याएवढी उन्हं पडायची,
कबची पोरं ती न तुडवता पळायची.
मालकाचं नाव द्या, असा निरोप आला.
मास्तर म्हणाले, पत्र्यांवर घालू,
भिंती पोरांच्या आहेत.
पाटी अजून कोरी आहे.

दुष्काळात इथं मिलोची पोती होती.
महिबूब नदाफनं तीन महिने रांग धरली
आणि आपल्याच मामूला
दोनदा मागं पाठवलं.
मग संप, मग गिरणीला टाळं.
भोंगा गेला तशा आसपासच्या बायका
रविवारी आमच्या शिट्टीवर दूध उतरवू लागल्या.
एकदा शिट्टी उशिरा वाजली,
तर चौघीजणी हॉलवर आल्या भांडायला.

मास्तर त्याच साली गेले, पहाटे.
दुकानं उघडायला वेळ होता.
कुणीतरी कपाट उघडलं.
तिरडीच्या गाठी आम्हीच मारल्या,
चौकोनी, खुंटी, जिथं जी पाहिजे ती,
आणि पोशट्टीनं प्रत्येक गाठ ओढून पाहिली,
परीक्षेला पाहायचे मास्तर तशी.

त्या महिन्याच्या पानावर इरण्णानं लिहिलंय :
दोर एक, वीस हात. येणे बाकी.
पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.
नवा दोर आला, नायलॉनचा,
तो वेगळ्या ओळीत.
पाच खजिनदार झाले,
कुणीही जुना खर्ची टाकला नाही.
ऑडिटला आलेल्या पोरानं विचारलं, काका, हा कुणाकडं आहे?
म्हटलं, मास्तरांकडं.
त्यानं बरोबरची खूण केली.

गेल्या रविवारी मुलं तीन.
शीट बेंड दाखवली, एकाला जमेना.
यांच्या घरचा माग भंगारात गेला
तेव्हा हा जन्मलाही नव्हता.
त्याची आई दारात थांबलेली,
विड्यांचं सूप कमरेला.
म्हणाली, इकडं आण बे.
दोन बोटं, एक अंगठा. झालं.
कुठं शिकलीस, विचारलं,
तर म्हणाली, शिकायचं काय त्यात.

दिवे घालवले. वही काढली.
हजर तीन.
जरा थांबून तिनाचे चार केले.
खाली, नेहमीच्या जागी,
दोर एक, वीस हात,
पुढं ओढला.